एन्झाइमच्या औषधाने डाऊनी थांबेल का? आधी बुरशी कोणती ते बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. नारायणगावजवळ तीन एकर जंबो द्राक्ष, गोडी छाटणी (घड येण्यासाठीची छाटणी) ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करायचीय, आणि दुकानदाराने "वनस्पतीजन्य एन्झाइम" म्हणून एक लिटरची बाटली हातात ठेवलीय. तो म्हणतो शंभर टक्के नैसर्गिक, बुरशीची भिंतच विरघळवतं, डाऊनी (केवडा), भुरी, करपा या सगळ्या रोगांवर चालतं, रेसिड्यू झिरो म्हणजे फळात औषधाचा अंश उरत नाही. तुम्ही विचारताय की हे मारलं तर बाकीच्या बुरशीनाशकाच्या फवारण्या बंद करता येतील का.

सरळ सांगतो, बंद करू नका. डाऊनीसाठी तर या बाटलीवर अजिबात विसंबू नका. भुरीसाठी वेळेवर आणि नीट मारलं तर उपयोग होऊ शकतो, तोही रोग यायच्या आधी. आता हे असं का ते जरा सविस्तर सांगतो कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढच्या वेळी कोणतीही बाटली हातात आली तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. मी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून वीस-बावीस वर्षं झाली, तेव्हापासून जुन्नर, इंदापूर, बारामती इकडच्याच बागा बघतोय, आणि दर ऑक्टोबरला हाच प्रश्न वेगवेगळ्या लेबलखाली येतो.

दुकानदार जे म्हणतो की एन्झाइम भिंत विरघळवतं ते खोटं नाहीये. बुरशीच्या पेशीला बाहेरून एक भिंत असते आणि ती मुख्यतः कायटिन आणि ग्लुकान या दोन गोष्टींची असते. कायटिन म्हणजे तेच जे खेकड्याच्या, कोळंबीच्या कवचात असतं. झाडाला हे लाखो वर्षांपासून माहितीये म्हणा ना, त्याच्या पानावर बुरशी आली की झाड स्वतःच कायटिनेज आणि ग्लुकानेज ही दोन एन्झाइम तयार करतं, एक कायटिनच्या साखळ्या तोडतं आणि दुसरं ग्लुकानच्या. भिंत फाटली की आतल्या दाबाने बुरशीचा तंतू टोकाला फुटतो. आणि तुटलेले तुकडे झाडाला आणखी सावध करतात की शत्रू आलाय, अजून एन्झाइम बनव. म्हणजे मूळ कल्पना पक्की आहे, शास्त्र पक्कं आहे. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुद्धा कायटिनेजवर बरीच वर्षं काम झालंय. घोळ होतो तो पुढे.

पहिला घोळ म्हणजे डाऊनी ही खरी बुरशीच नाही. आपण तिला बुरशी म्हणतो, औषधाच्या डब्यावर बुरशीनाशक लिहिलेलं असतं, पण ती वेगळ्याच कुळातली आहे, पाण्यातल्या शेवाळाच्या जवळची. तिच्या भिंतीत कायटिन जवळजवळ नसतंच, सेल्युलोज आणि ग्लुकान असतं. मग कायटिनेज तिथे काय तोडणार? आणि डाऊनीचे जे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांकडे जातात ना, त्यांना त्यावेळी भिंतच नसते, छिद्राजवळ जाऊन बसल्यावर ती तयार होते आणि मग लगेच आत शिरतात. एकदा आत शिरली की सगळी वाढ पानाच्या आत होते, आणि एन्झाइम हे एवढं मोठं प्रोटीन असतं की पानावरच्या मेणाच्या थरातून ते आत जाऊच शकत नाही. ग्लुकानेज असलं तरी ते बाहेर आणि रोग आत. आंतरप्रवाही औषध आत जातं, एन्झाइम जात नाही, हा फरक लक्षात ठेवा.

भुरीचं उलटं आहे. भुरी ही खरी बुरशी, भिंतीत कायटिन आहे, आणि ती सगळी पानाच्या नि मण्याच्या वरच पसरते, फक्त अन्न ओढायला बारीक सोंड तेवढी वरच्या थरातल्या पेशीत खुपसते. म्हणजे एन्झाइमला समोर काम करायला शत्रू मिळतो. तरीपण तंतूचं कोवळं वाढतं टोकच त्याला चांगलं तोडता येतं, कारण तिथलं कायटिन उघडं असतं. जुना तंतू, पिकलेला बीजाणू यांच्यावर बाकीचे थर चढलेले असतात, काळ्या करप्यासारख्या बुरश्यांच्या भिंतीत तर मेलॅनिन असतं, ते एन्झाइमला सहज दाद देत नाही. म्हणून पांढरी पावडर दिसायला लागल्यावर एन्झाइम मारून काही होत नाही असं लोक सांगतात ते खरंय, तोवर उशीर झालेला असतो.

टोमॅटोलाही हेच गणित लागतं, तुम्ही उन्हाळी टोमॅटो लावता म्हणून सांगतो. लवकर येणारा करपा, तो गोल गोल कडी असलेला, ती खरी बुरशी. उशिराचा करपा, जो ढगाळ थंड हवेत दोन-चार दिवसात प्लॉट जाळून टाकतो, तो डाऊनीच्या कुळातला. दोघांना आपण करपाच म्हणतो आणि दुकानात जाऊन करप्याचं औषध द्या म्हणतो, इथेच अर्धे पैसे वाया जातात.

तर मग आधी ओळखायचं कसं. द्राक्षात एक सोपी गोष्ट करा, मी अजूनही करतो. पानावर तेलकट पिवळसर डाग दिसला आणि शंका आली की ते पान तोडून, पाण्याचा हात लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर घरात सावलीत ठेवा. सकाळी पिशवी उघडून पान उलटं करा. डागाच्या बरोबर खाली कापसासारखी पांढरी लव उठलेली असेल तर डाऊनी, दुसरा विचार करायचा नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो अवकाळी पाऊस थांबतच नव्हता तेव्हा मी एका बागेत संध्याकाळी सहाला अशा पाच पिशव्या बांधल्या, वरून बघितलं तर पानं बऱ्यापैकी हिरवी, मालक म्हणत होते की सर एवढं काही नाहीये. सकाळी साडेसहाला पाचही पिशव्यांत लव होती, एका पानाची तर मागची बाजू साय धरल्यासारखी. त्यांनी त्या आधीच्या आठवड्यात असंच एक एन्झाइमचं औषध दोनदा मारलं होतं आणि त्या भरवशावर बाकीचं थांबवलं होतं. दोडा अवस्थेतले, म्हणजे फुलं उमलायच्या आधीचे घड डाऊनीने गेले. तो माणूस बांधावर बसला तो दहा मिनिटं बोललाच नाही. मला तेव्हापासून या विषयावर गप्प बसवत नाही.

दुसरा घोळ एन्झाइमच्या स्वभावाचा आहे. ते प्रोटीन आहे, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. गरम झालं की बिघडतं, कडक उन्हात बिघडतं, फार आम्लात किंवा फार अल्कलीत बिघडतं, तांब्यासारखा धातू लागला तरी बिघडतं. आता आपल्याकडे ती बाटली मे महिन्यात कुठे असते? पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. मग ऑक्टोबरमध्ये तुम्ही ती आणता आणि बोअरच्या पाण्यात टाकता ज्याचा पीएच आठच्या वर असतो, वर त्यातच मजुरी वाचावी म्हणून दुसरं काहीतरी मिसळता, आणि सकाळी अकराच्या उन्हात ब्लोअर फिरवता. एवढं सगळं सोसून पानावर काय जिवंत पोचलं असेल? बोर्डोच्या आगेमागे तर मारूच नका. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. त्यात तांबंही आहे आणि चुन्याची अल्कलीही, एन्झाइमसाठी दोन्ही वाईट. मध्ये निदान आठवडाभर जाऊ द्या.

मारायचंच असेल तर संध्याकाळी पाचनंतर, पाण्याचा पीएच सहा-साडेसहावर आणून, एकटंच, कालवल्यावर लगेच, आणि पान नीट भिजेल असं. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पावडर स्वरूपातलं मिळालं तर पातळ औषधापेक्षा ते बरं, जास्त टिकतं. आणि दुकानदाराला दोन प्रश्न विचारा, यात एन्झाइम कोणतं आहे आणि त्याची ॲक्टिव्हिटी किती युनिट आहे. एन्झाइम हे वजनावर मोजत नाहीत, ते काम किती करतं त्यावर मोजतात. लेबलवर नुसतं "प्लांट एन्झाइम कॉम्प्लेक्स" असेल आणि आकडा नसेल तर त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

लेबलचा विषय निघालाच आहे तर हे नीट ऐका कारण तुमचा माल एक्स्पोर्टला जातो. जो माल "रोग मारतो" असा दावा करतो त्याला कीटकनाशक कायदा १९६८ खाली केंद्राच्या नोंदणी समितीची नोंदणी लागते, मग तो नैसर्गिक असो की रासायनिक. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट हा वेगळा वर्ग आला, त्यात वनस्पती अर्क, समुद्री शेवाळ, प्रोटीन हायड्रोलायझेट असे प्रकार बसतात, पण त्यांना झाडाची वाढ, ताण सहन करणं एवढंच म्हणता येतं, डाऊनी मारतो असं म्हणता येत नाही. आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर चालत नाही. म्हणजे बाटलीवर कीटकनाशकाचा नोंदणी नंबर नाही, आणि दुकानदार तोंडाने सांगतोय की तीन दिवसात डाऊनी सुकवते, तर सावध व्हा.

का सावध व्हा ते सांगतो. काही वर्षांपूर्वी इंदापूरकडच्या एका बागेत असंच "नैसर्गिक" औषध मारल्यावर भुरी दोन दिवसात काळी पडून गेली. मालक खूश, मीही चकित झालो, खरं सांगायचं तर चार ठिकाणी मी स्वतः सांगितलं की चांगलं दिसतंय. काढणीआधी रेसिड्यूचा रिपोर्ट आला त्यात एक आंतरप्रवाही बुरशीनाशक निघालं जे त्या माणसाने अख्ख्या हंगामात मारलेलंच नव्हतं. बाटलीतला उरलेला माल तपासायला दिला, त्यात तेच. कंटेनरचा माल लोकल मार्केटला गेला. एन्झाइम कधीच दोन दिवसात भुरी काळी करत नाही, हे मला शिकलेल्या माणसाला तेव्हा सुचायला हवं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे, नवीन जैविक माल असेल तर एक्स्पोर्ट बागेत जायच्या आधी त्याचाच नमुना लॅबला, फळाचा नंतर. पैसे जातात पण बाग वाचते. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आपल्याजवळच आहे, त्यांची अनेक्श्चर फाइव्हची यादी (एक्स्पोर्ट द्राक्षाला शिफारस केलेल्या औषधांची) आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दर हंगामात नवीन बघून घ्या, मागच्या वर्षीचा फोटो मोबाइलमध्ये आहे म्हणून त्यावर चालू नका.

आता चांगल्या बाजूबद्दल बोलतो, कारण मी एन्झाइमच्या विरोधात नाही, उलट मला हा विषय मनापासून आवडतो. फक्त एन्झाइम बाटलीतून आणण्यापेक्षा झाडाकडून किंवा जिवंत मित्रबुरशीकडून बनवून घेणं आपल्याला जास्त परवडतं.

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी तुम्ही वापरताच. ती काय करते? दुसऱ्या बुरशीच्या तंतूला वेटोळं घालते आणि तिथेच, अगदी लागून, कायटिनेज नि ग्लुकानेज सोडते, भोक पाडते आणि आतलं खाते. म्हणजे तीच एन्झाइम, पण ताजी, हवी तिथे, हवी तेव्हा, आणि रोज नवीन. शिवाय ती सेल्युलोज तोडणारं एन्झाइमही बनवते म्हणून रोपं कोलमडवणारी, डाऊनीच्याच कुळातली पिथियमसुद्धा तिच्यापुढे टिकत नाही. एकरी अडीच किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल राखून, आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवून मग मुळांजवळ द्या. बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, आणि पुडीवरची तारीख बघून घ्या. पण हे जमिनीतल्या रोगांसाठी, मर, मूळकूज वगैरे. पानावरच्या डाऊनीसाठी हे उत्तर नाही.

झाडाकडून बनवून घेणं म्हणजे त्याला खोटी धोक्याची घंटा देणं. कायटिनपासून बनवलेलं कायटोसान, समुद्री शेवाळातलं लॅमिनारिन हे पानावर पडलं की झाडाला वाटतं बुरशी आली, आणि ते स्वतःची कायटिनेज-ग्लुकानेज वाढवतं, पेशींच्या भिंती जाड करतं. ही एन्झाइम पानाच्या आत तयार होतात हे महत्त्वाचं, बाहेरून मारलेल्या एन्झाइमला जे जमत नाही ते इथे जमतं. परदेशात रेनुट्रिया नावाच्या रानटी झाडाच्या अर्काचं भुरीवरचं औषध याच तत्त्वावर चालतं. गोड ल्युपिन म्हणून एक कडधान्य आहे, त्याच्या बियांना मोड येताना एक प्रोटीन तयार होतं जे थेट कायटिनला जाऊन चिकटतं, पोर्तुगालच्या लोकांनी ते शोधलं आणि अमेरिकेत त्याची नोंदणीही झाली. पण घंटा दिल्यावर झाडाला तयारीला दोन-तीन दिवस लागतात, आणि ही तयारी कायम टिकत नाही, सात ते दहा दिवसांनी परत द्यावी लागते. पोंगा अवस्थेनंतर (छाटणीनंतर डोळा फुगून कोंब डोकावतो ती) तीन-चार पानं उघडली की सुरू करायचं, रोग दिसल्यावर नाही. आणि झाड ताणात असेल, पाणी कमी, पानगळ झालेली, तर हे टाळा, या तयारीला झाडाची ताकद खर्च होते आणि ती घडाकडून येते.

घरगुती गोष्टींबद्दलही तुम्ही विचारलंय. पुण्यात हल्ली सोसायट्यांमधून बायोएन्झाइम बनवतात, एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. माझी बहीणच कोथरूडला करते आणि फरशी, बेसिन त्याने छान निघतं. पण बागेत त्याला एन्झाइमचं औषध समजू नका, तीन महिन्यांनी त्यात मुख्य असतं ते आम्ल, आणि जास्त घट्ट मारलं तर कोवळी पानं करपतात. आंबट ताकाचं म्हणाल तर भुरीवर थोडा फरक पडतो, ब्राझीलमध्ये १९९९ साली पाण्यात मिसळलेलं दूध मारून झुकिनीच्या भुरीवर चांगला परिणाम दाखवला होता. परसबागेतल्या दुधी-भोपळ्याला करा, एक्स्पोर्टच्या घडावर डाग पडतील.

खरं वनस्पतीचं एन्झाइम बघायचं असेल तर लसूण घ्या. अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही, ठेचली की येतो, बरोबर? पाकळीत अलिनेज नावाचं एन्झाइम एका कप्प्यात आणि अलिन दुसऱ्या कप्प्यात असतं, ठेचल्यावर दोघं एकत्र येतात आणि अलिसिन तयार होतं, ते बुरशीला मारक असतं. म्हणून लसूण आधी उकळायचा नाही, उकळला की एन्झाइम मेलं आणि अलिसिन बनतच नाही. ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग गार पाण्यात कालवा, गाळा आणि त्याच संध्याकाळी मारा. आमच्याकडे कित्येक जण दशपर्णीत (दहा पाल्यांच्या अर्कात) घालायचा लसूण उकळून घालतात आणि मग म्हणतात गुण येत नाही.

मोहरीचंही तसंच. तिच्यातलं मायरोसिनेज एन्झाइम पेशी फुटल्यावर तो झणझणीत वायू तयार करतं जो डोळ्यांत जातो. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये मर येत असेल तर आधी दाट मोहरी पेरा, फुलावर आली की बारीक कुट्टी करून लगेच, त्याच तासात मातीत गाडा, पाणी द्या आणि प्लॅस्टिकने झाका. दोन-तीन आठवडे थांबा आणि मगच लागण, नाहीतर रोपांनाही तो वायू लागतो. कुट्टी करून उद्या गाडू म्हणालात तर वायू सगळा हवेत गेला. ट्रायकोडर्मा पण हे सगळं झाल्यावर द्या, आधी दिली तर तीही मरेल.

तुमच्या बागेचं मी असं करीन. छाटणीनंतर पोंगा ते फुलोरा हा काळ डाऊनीचा, पाऊस असेल तर शिफारशीतलं लेबल क्लेम असलेलं (त्या पिकाच्या त्या रोगासाठी मंजूर) औषधच, फेलफुटी म्हणजे जादा फुटी वेळेवर काढायच्या, कॅनॉपी म्हणजे पानांचा पसारा मोकळा ठेवायचा म्हणजे पान लवकर सुकतं, हे कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त काम करतं. डिसेंबरात हवा कोरडी थंड झाली, डाऊनीचा धोका सरला की भुरीसाठी कायटोसान किंवा लॅबमध्ये तपासून घेतलेलं तुमचं ते एन्झाइम संध्याकाळच्या फवारणीत आणा, त्याने शेवटच्या एक-दोन रासायनिक फवारण्या वाचल्या तर काढणीआधीच्या रेसिड्यूसाठी तो मोठा फायदा आहे. तिथेच या मालाची खरी जागा आहे.

आणि बागेच्या मधोमध दोन ओळी त्या बाटलीशिवाय ठेवा, बाकी सगळं सारखं. कडेच्या ओळी नकोत, तिथे वारा नि धूळ वेगळी असते. दर आठ दिवसांनी दोन्हीकडची पंचवीस-पंचवीस पानं सावलीच्या बाजूची तपासा आणि वहीत लिहा. फरक दिसला तर पुढच्या वर्षी माझ्या सांगण्याची गरज पडणार नाही.

बाटलीच्या लेबलचा पुढचा आणि मागचा दोन्हीकडचा फोटो पाठवा, बोअरच्या पाण्याचा पीएच मोजून कळवा आणि छाटणीची नक्की तारीख सांगा. मागच्या डिसेंबरात भुरी पहिल्यांदा कोणत्या कोपऱ्यात दिसली होती ते आठवत असेल तर तेही लिहा, त्या दोन ओळी कड सोडून त्या बाजूच्या धरू.